भाटकरांच्या घरातला चोर

आमचे शेजारी भाटकरकाका. नवीन माणसाशी ओळख झाली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "तुमच्या घराण्यात चोर कोण?"

विचारायचे तेही हात जोडून, चेहऱ्यावर पूर्ण आदर ठेवून. समोरचा गोंधळला की तेच त्याला धीर देत, "असतो हो प्रत्येकाकडे. आमच्याकडे होता. लहान होता, पण होता."

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये त्या काळात मराठी मंडळी जमली की पूर्वजांचा विषय हमखास निघायचा. देश सोडून आलेल्या माणसाला पूर्वजांचा फार उमाळा येतो, आणि खरंखोटं करायला गावातलं कोणी शेजारी बसलेलं नसतं. माझ्या सासरचंच सांगते. लग्न ठरलं तेव्हा पुण्यात मला सांगितलं होतं की घराण्यातले कोणी पेशव्यांच्या दफ्तरात कारकून होते. आम्ही सांता क्लाराला अपार्टमेंट घेतलं तेव्हा ते फडणीस झाले, आणि फ्रीमाँटला टाऊनहाऊस घेईपर्यंत सरदार. माझा नवरा श्रीकांत हे इतक्या सहज सांगे की मलाही अधूनमधून घोडा दिसायला लागला होता. अशा रंगलेल्या मैफलीत भाटकरकाका वड्यांची डिश हातात घेऊन यायचे, सगळं शांतपणे ऐकायचे आणि म्हणायचे, "सरदार ठीक आहेत. चोर कोण?"

माणसं चिडायची. पण काकूंच्या हातचे कोंबडी-वडे खाल्लेला माणूस भाटकरांना पार्टीतून वगळू शकत नसे. काकूंना बोलवायचं म्हणजे काकांना बोलवावंच लागे, आणि काका आले की त्यांचा चोर मागोमाग आलाच.

काकांचं नाव अनंत. मूळ गाव रत्नागिरीकडे, खाडीच्या तोंडाशी. सांता क्लाराच्या एका कंपनीत ते फेल्युअर अॅनालिसिसचं काम करायचे. म्हणजे कंपनीची वस्तू गिऱ्हाइकाकडे बिघडली की ती परत काकांच्या टेबलावर यायची आणि ती का बिघडली हे शोधून काढणं हे त्यांचं काम. दुरुस्त करणं नव्हे, फक्त कारण शोधणं. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक छोटं भिंग कायम असायचं. हे काम ते घरी, शेजारी आणि देवळातही करत. श्रीकांतने पुण्याहून आणलेला मिक्सर इथल्या विजेवर पहिल्याच दिवशी आचके द्यायला लागला, तेव्हा काका तो घेऊन गेले. पंधरवडाभर त्यांच्या डायनिंग टेबलावर तो पोट उघडं टाकून पडला होता. मग एका रविवारी आले आणि श्रीकांतला म्हणाले, "मिक्सर उत्तम आहे. फॉल्ट तुमच्यात आहे." श्रीकांत म्हणाला, जाऊ दे काका, सोडून द्या. त्यावर काकांचं आवडतं वाक्य आलं, "असं कसं सोडायचं?"

या वाक्याला आमच्या गल्लीत फार मान होता. काकांनी ते उच्चारलं की समजायचं, आता हा माणूस मुळापर्यंत जाणार आणि आपल्यालाही घेऊन जाणार.

त्यांचं आणखी एक वेड म्हणजे बॅटरीचे सेल. दसरा आला की घरातले टॉर्च, गजराची घड्याळं, रेडिओ, स्मोक अलार्म सगळे काढून ते पुसायचे आणि त्यांत नवे सेल घालून बघायचे. स्वतःचं झालं की आमच्याकडे यायचे. आमचा टॉर्च आम्ही कधी वापरत नाही असं मी म्हटलं, तर म्हणाले, "वस्तू वापरात नसली तरी तयार पाहिजे, नीलिमा. सेल आत राहिले की गळतात, आणि मग वस्तू कायमची जाते."

भाटकरांना मुलगा एकच, मंदार. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, नवससायास होऊन झालेला. आम्ही शेजारी राहायला आलो त्याच्या आधीच काकांनी त्याला शिक्षणासाठी इंडियात, कोल्हापूरला ठेवलं होतं. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. आता तिथेच इंजिनिअरिंग करत होता. आमच्या मंडळात या गोष्टीचं फार कौतुक. आमच्यातले निम्मे आईबाप मुलांना रोज धमकी द्यायचे, "इंडियाला पाठवून देईन हं." मुलं इंग्लिशमध्ये "ओके" म्हणायची आणि टीव्ही बघत राहायची. काकांनी मात्र खरंच पाठवला. मुलाच्या संस्कारांसाठी केवढा हा त्याग, असं म्हणून श्रीकांतने एका कार्यक्रमात माइकवरून त्यांचं अभिनंदन केलं. टाळ्या चालू असतानाच काका उठून बाहेर पार्किंगमध्ये गेले. साधा माणूस आहे, स्तुती सहन होत नाही, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

आता चोराकडे येते. काकांच्या ऑफिसात बॅरी नावाचा एक ऑस्ट्रेलियन होता. त्याचा कोणी खापरपणजोबा लहानपणी लंडनमध्ये खिशातले रुमाल चोरताना पकडला गेला, आणि सरकारने त्याला बोटीत घालून ऑस्ट्रेलियाला धाडून दिलं. जन्माची हद्दपारी, आणि वय काय तर आमच्या मुलांच्या सॉकर टीममध्ये शोभेल एवढं. बॅरीने त्या मुलाच्या शिक्षेच्या कागदाची नक्कल फ्रेम करून आपल्या क्युबिकलमध्ये लावली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो ती अभिमानाने दाखवायचा. काका त्या फ्रेमसमोर बराच वेळ उभे राहिले असं म्हणतात. घरी आले ते जेवलेच नाहीत.

कारण त्यांना आपल्या घरची 'बाहेरची वाडी' आठवली होती.

कोकणात पितृपक्षात म्हाळ घालतात, पितरांना पानं वाढतात, त्याला वाडी म्हणतात. वडे, खीर, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी. काकांच्या घरी सगळ्या पितरांच्या वाड्या झाल्या की एक वाडी वेगळी, अंगणाच्या पार टोकाला, समुद्राकडे तोंड करून ठेवली जायची. बाकीच्यांची नावं घ्यायची. या एका पानाशी कोणी नाव घेत नसे. लहानपणी काकांनी विचारलं तर वडील म्हणाले होते, तो बाहेरचा आहे, जेव गप. पुढे आत्याने एवढंच सांगितलं की आपल्याच घरातला पोरगा होता, फार जुनी गोष्ट, नुकतं गोऱ्यांचं राज्य आलं होतं. खाडीत गोऱ्यांचं गलबत लागलं होतं, त्यावरची पितळी घंटा पोराने काढून आणली. घरच्या गाईच्या पाडसाच्या गळ्यात बांधायची म्हणून. घंटा वाजली आणि पोरगा सापडला. त्याला बोटीतून मिरीच बेटावर नेला. घराण्याची अब्रू गेली, म्हणून घरच्यांनी त्याचं नाव टाकलं. पुढे त्या घरात ते नाव कोणाचं ठेवलं नाही, आणि कोणी उच्चारलं नाही.

"म्हणजे पावणेदोनशे वर्षं आम्ही त्या पोराला जेवायला वाढतोय," काका मला म्हणाले, "आणि हाक मारत नाही. नावाने बोलावल्याशिवाय कोणी जेवायला येतं का? मला त्याचं नाव पाहिजे. एवढं एकच पाहिजे."

असं कसं सोडायचं, हे त्यांनी म्हटलं नाही, पण मला ऐकू आलं.

मी तेव्हा फ्रीमाँटच्या लायब्ररीत अर्धवेळ काम करत होते, त्यामुळे या तपासात आपोआप ओढली गेले. मिरीच बेट म्हणजे मॉरिशस, आपले लोक पूर्वी त्याला असंच म्हणायचे, हे एका पुस्तकात सापडलं. मुंबई इलाख्यातले कैदी तिकडे रस्ते बांधायला नेत, हेही सापडलं. मग काकांनी कंबर कसली. लंडनला, मुंबईला, मॉरिशसला पत्रं गेली. मुंबईच्या एका कचेरीकडून उत्तर आलं की आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठवला आहे. पुढच्या वर्षी त्या विभागाकडून आलं की आपला अर्ज मूळ कचेरीकडे परत पाठवला आहे. काकांना याचा राग आला नाही. "दोन्ही कचेऱ्या चालू आहेत एवढं कन्फर्म झालं," म्हणाले.

मॉरिशसचं टेलिफोन डिरेक्टरी नावाचं जाडजूड पुस्तक मी लायब्ररीतून खटपट करून मागवलं. त्यात भाटकर हे आडनावच नव्हतं. मग काकांनी भाटकरच्या जवळपास वाटणाऱ्या प्रत्येकाला फोन लावले. तिकडे फ्रेंच बोलतात म्हणून कॅसेट आणून फ्रेंच शिकायला घेतलं. सकाळी मी मुलांना शाळेत सोडायला निघाले की भिंतीपलीकडून काकांचा कोकणी सुरातला "बोंजूर" ऐकू यायचा. त्यानंतरच्या वाक्यावर पलीकडचा माणूस फोन ठेवायचा. ते वाक्य म्हणजे, तुमच्या घराण्यात चोर होता का? काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "कॅसेटमध्ये हेच शिकवतात का हो?"

पितृपक्षात काका घरामागच्या छोट्या अंगणाच्या, पॅटिओच्या भिंतीवर पश्चिमेकडे, बेच्या म्हणजे इथल्या खाडीच्या दिशेला, पेपरप्लेटमध्ये बाहेरची वाडी ठेवायचे. कावळे फ्रीमाँटमध्येही आहेत, पण ते त्या प्लेटला शिवत नसत. यायचा तो एक गलेलठ्ठ सीगल. वडे उचलायचा, खीर सांडायचा आणि आमच्या गाडीवर बसायचा. श्रीकांतने एकदा सुचवलं की कावळा शिवला नाही म्हणजे पितरांना काही पोचत नाही. काकांनी त्यावर विचार केलेला होताच. "समुद्रापलीकडे गेलेला पोरगा आहे तो. त्याचा निरोप समुद्राचाच पक्षी नेणार. तुमच्या सरदारांना कावळा ठेवा." टाऊनहाऊसच्या असोसिएशनची तक्रार आली की जंगली पक्ष्यांना खायला घालू नये. काकांनी कळवलं की पक्ष्यांना घालत नाही, घरच्या माणसाला घालतो. त्यावर असोसिएशनने पुन्हा काही विचारलं नाही.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. मग एका गणपतीच्या कार्यक्रमात, शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये, आरतीला एक अनोळखी माणूस दिसला. आरती आमच्यापेक्षा चांगली पाठ, पण उच्चार फ्रेंच वळणाचे. काका थाळीतला कापूर विझायच्या आत त्याच्यापाशी पोचले. तो मॉरिशसचा मराठी निघाला, सॅन होजेच्या एका हॉटेलात अकाउंट्स बघायचा. आडनाव सखाराम. काकांनी हात जोडून नेहमीचा प्रश्न विचारला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यावर चिडलं नाही. तो हसला आणि म्हणाला, चोर माहीत नाही, पण तुम्ही शोधताय ते चुकीचं शोधताय.

मग त्याने समजावून सांगितलं. इकडून गेलेल्या आपल्या माणसांची आडनावं तिकडे कोणी लिहून घेतली नाहीत. नुसतं नाव लिहिलं, आणि पुढे त्या पहिल्या माणसाचं नाव हेच सगळ्या घराण्याचं आडनाव झालं. सखाराम म्हणजे त्याचा खापरपणजोबा, बोटीतून उतरलेला. "तुमच्या इथे त्याचं नाव कोणी घेत नाही," सखाराम इंग्लिशमध्ये म्हणाला, "पण त्याला मुलंबाळं झाली असतील तर तिकडे सगळे रोज त्याच्याच नावाने सही करत असतील."

काका तिथेच एका खुर्चीत बसले. मोदकाची प्लेट मांडीवर तशीच राहिली. इतकी वर्षं हा माणूस डिरेक्टरीत भाटकर शोधत होता. आपण मराठी माणसं आडनाव सांगितल्याशिवाय पाणी पीत नाही, म्हणून मलाही कधी शंका आली नव्हती. आता कळलं की पोरगा शोधायला नाव पाहिजे, आणि नाव मिळावं म्हणून तर पोराला शोधायचं होतं. दुसरा एखादा असता तर त्याने इथे हात टेकले असते. काकांनी मोदक खाल्ला आणि म्हणाले, "आत्याला माहीत असणार."

आत्या गावाला होती, ऐंशीच्या पुढची. लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेली, ती जन्मभर तिथेच. घरी फोन नव्हता. काकांनी गावातल्या एस.टी.डी. बूथवर निरोप ठेवून तिला बोलावून घेतलं. लाइन खराब, म्हणून काका ओरडून बोलत होते, इतके की मला माझ्या स्वयंपाकघरात शब्द न् शब्द ऐकू येत होता, "आत्या, आपल्या त्या चोराचं नाव काय होतं?" बूथवर तिच्याभोवती निम्मा गाव उभा असणार हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. आत्याने फोन ठेवून दिला. पुन्हा निरोप पाठवला तर ती आलीच नाही.

पितृपक्ष सुरू झाला होता. काका येरझारा घालायला लागले. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी मी काकूंना काळे वाटाणे निवडायला मदत करत होते. मी सहज म्हटलं की एवढा खटाटोप करतात, तर काका स्वतःच गावी जाऊन आत्याशेजारी बसून का विचारत नाहीत? मंदारही भेटेल.

काकूंचा हात वाटाण्यात थांबला. मग त्यांनी मला ते सांगितलं, जे त्यांनी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

मंदारला संस्कारांसाठी पाठवलेलंच नव्हतं. शाळेतल्या दोन मित्रांबरोबर तो मॉलमध्ये गेला होता, आणि एका दुकानातून त्याने सीडी ऐकायचा डिस्कमन जॅकेटमध्ये घातला. मित्र पळाले, हा सापडला. दुकानाने काकांना बोलावलं. काकांनी डिस्कमनचे पैसे भरले, दुकानदाराने समज देऊन सोडलं, गोष्ट तिथे संपली होती. पण काकांच्या मनात संपली नाही. लोकांना कळलं तर काय, या देशात पोरगा हाताबाहेर गेला तर काय, या धास्तीने त्यांनी महिन्याभरात तिकीट काढलं आणि त्याला कोल्हापूरच्या हॉस्टेलवर नेऊन घातलं. वर्षभरात परत आणू असं ठरलं होतं. वर्षाने मंदारच म्हणाला, आता मी येत नाही. तेव्हापासून तो आईशी दर रविवारी बोलतो, बापाशी बोलत नाही. काकू एक वर्षाआड जाऊन येतात. काका गेलेले नाहीत.

"रविवारी फोन चालू असला की हे तिथे दारापाशी उभे असतात," काकू म्हणाल्या. "नंतर विचारतात, जेवतो का नीट? मी म्हणते, तुम्हीच विचारा. तर गॅरेजमध्ये जातात." मग त्या म्हणाल्या, "त्या पोराला निदान गोऱ्यांनी नेलं. आमच्याला आम्हीच नेऊन सोडलं. मी आई असून गप्प बसले."

मला श्रीकांतचा माइक आठवला आणि आमच्या टाळ्या आठवल्या. मी वाटाणे निवडत राहिले, पण मला डोळ्यांपुढचं धड दिसत नव्हतं. तो चेष्टेचा प्रश्न काका इतकी वर्षं सगळ्यांना का विचारत होते ते मला तेव्हा कळलं. कोणीतरी एकदा तरी म्हणावं, हो, आमच्याकडेही होता, आणि आम्ही त्याला घरातच ठेवला.

सर्वपित्रीला सकाळीच मला आणि श्रीकांतला जेवायचं आमंत्रण होतं. शनिवार होता. काकू वडे थापत होत्या, काका पॅटिओवर पेपरप्लेट मांडत होते. फोन वाजला. काकूंचे हात पिठाचे, म्हणून त्यांनी कोपराने स्पीकरचं बटण दाबलं. आवाज मंदारचा होता. रविवार नसताना.

"आई, बाबा आहेत का? त्यांना दे."

काकूंनी काकांकडे बघितलं. काका प्लेट हातात घेऊनच आत आले आणि फोनपासून हातभर अंतरावर उभे राहिले.

"बाबा, नाव गावलं," मंदार म्हणाला.

पाच वर्षांपूर्वी इथून गेलेला, शब्दाशब्दाला इंग्लिश बोलणारा मुलगा पक्कं कोल्हापुरी बोलत होता. एरवी मला हसू आलं असतं. आईने मागच्या रविवारी सगळं सांगितलं होतं, म्हणून तो काल एस.टी.ने घाट उतरून आत्याच्या गावाला गेला होता. गावच्या बूथवरूनच बोलत होता. तिकडे रात्र झाली होती.

"धोंडू," मंदार म्हणाला. "धोंडू नाव होतं त्याचं. आत्याआज्जी म्हणाली, वाडी वाढताना घरच्या बायका मनात नाव घेतात. सासू सुनेला सांगत्ये, पण आई अमेरिकेला गेली म्हणून तिच्यापर्यंत ते आलंच नाही. पुरुषांनी टाकलेलं नाव, म्हणून पुरुषांना सांगायचं नाही. मी म्हटलं, मग मला का सांगतीस? तर म्हणाली, तूपण बाहेरचाच ना रे. तुला सांगायला हरकत नाही."

ज्यांची मुलं जगत नाहीत ते मुलाचं नाव धोंडू ठेवतात, म्हणजे यमाची नजर जात नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे तोही पोरगा नवसाचाच होता. यमाने नाही नेला, घंटेने नेला.

काका तसेच वळले आणि पॅटिओवर गेले. प्लेट भिंतीवर ठेवली. मग बेकडे तोंड करून, आत्याशी फोनवर ओरडले होते त्यापेक्षाही मोठ्यांदा त्यांनी हाक मारली, "धोंडू, ये रे. जेवायला ये. ये रे बाळा." आवाज शेवटच्या शब्दाला फाटला. समोरच्या टाऊनहाऊसमधल्या बाईंनी पडदा बाजूला केला आणि परत लावला.

फोन चालूच होता. स्पीकरमधून मंदार हलक्या आवाजात म्हणाला, "आई, कुणाला बोलावतायत?"

काकूंनी पिठाच्या हातानेच पदर डोळ्यांना लावला. "जो ऐकेल त्याला," त्या म्हणाल्या.

मग मंदार म्हणाला, पैसे संपत आलेत, ठेवतो. आणि मग म्हणाला, बाबांना सांग, मी जेवतो नीट.

जेवणं झाली. मी घरी जाऊन मॉरिशसची डिरेक्टरी घेऊन आले. लायब्ररीत ती केव्हाच परत जायला हवी होती. डी अक्षराचं पान काढलं आणि काकांपुढे ठेवलं. काकांनी खिशातलं भिंग काढलं. धोंडू आडनावाचे एकाखाली एक कितीतरी लोक होते. पोर्ट लुईमध्ये, डोंगराकडच्या गावांत, एक तर डेंटिस्ट होता. काका प्रत्येक नावावरून बोट फिरवत गेले आणि हसले. मला राहवेना. मी फोन त्यांच्या पुढ्यात सरकवला. श्रीकांतही म्हणाला, लावा काका, आम्हालाही ऐकू द्या.

काकांनी पुस्तक मिटलं.

"काका, असं कसं सोडायचं?" मी म्हटलं.

"सोडत नाही," ते म्हणाले. "यांना येतो म्हणून सांगू नंतर. आधी माझा आणतो."

दोन दिवसांनी त्यांच्या गॅरेजचं दार उघडं होतं. मधोमध मोठी सूटकेस, शेजारी बाथरूममधला वजनाचा काटा. एका आठवड्यात निघायचं होतं. तो आला तर घेऊन येणार, नाही आला तर हॉस्टेलजवळ खोली घेऊन राहणार, तो बोलेपर्यंत. रजेचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले की ऑफिसात सांगितलंय, बिघाड घरातला आहे, वेळ लागेल. बॅरीने म्हणे त्यांना मिठी मारली.

मग ते स्टुलावर चढले आणि सगळ्यात वरच्या फळीवरून, ख्रिसमसच्या दिव्यांच्या मागून एक खोकं काढलं. आत डिस्कमन होता. दुकानाची पावती अजून खोक्याला चिकटवलेली. मी काकूंकडे बघितलं. काकू हळूच म्हणाल्या, "दर दसऱ्याला बाकीच्या वस्तूंबरोबर हाही काढतात. मला दिसत नाही असं त्यांना वाटतं."

काकांनी खिशातून दोन नवे सेल काढून घातले. एक सीडी लावली, हेडफोन कानाला लावला आणि डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं. कसलंतरी इंग्लिश गाणं असणार, कारण त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तरी त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"चालतोय," ते म्हणाले. मग सेल काढून वेगळ्या रुमालात बांधले, डिस्कमन दोन शर्टांच्या मध्ये ठेवला आणि मला म्हणाले, "जरा बॅगेची दुसरी बाजू धर, वजन बघू."